भिंतीपलीकडचे लूम आणि माझी बारावी

अकरावीला मला बाबांनी दिघाशीहून भिवंडीत आत्याकडे आणून ठेवलं. आत्याची खोली लूमच्या कारखान्याला चिकटून होती, मध्ये फक्त एक भिंत. पलीकडे लूम चालू झाले की आमच्या मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची. गावी संध्याकाळी बेडूक आणि रातकिडे सोडले तर कशाचा आवाज नसे. इथे धडधाड, धडधाड. पहिले तीन-चार दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले. आत्या म्हणाली, "अगं, सवय होईल. मला तर पहिल्या वर्षी बहिरी झाल्यासारखं वाटायचं. आता शुक्रवारी लूम बंद असले की डोकं दुखतं."

तिची थट्टा वाटली होती मला. पण महिन्याभरात माझंही तेच झालं. शुक्रवारी सगळी भिवंडी गप्प व्हायची आणि मला एक ओळ वाचवत नसे. शनिवारी पुन्हा खडखडाट सुरू झाला की पुस्तक उघडायचं आणि धडाधड पाठांतर.

माझ्या वर्गात एक मैत्रीण होती, पोस्टमनची मुलगी. तिच्या घरी सकाळची बुद्धवंदना झाली की आधी पुस्तकं, मग चहा, असा नियम होता. ती अभ्यासाला माझ्याकडे यायची, कारण तिच्या घरी चार लहान भावंडं होती आणि माझ्याकडे फक्त लूम. आम्ही एकमेकींना ओरडून प्रश्न विचारायचो. तिनं "न्यूटनचा तिसरा नियम!" असं बोंबललं की आत्या स्वयंपाक करता करता म्हणायची, "अगं हळू, त्या न्यूटनला ऐकू जाईल!"

नव्या पद्धतीतली बारावीची पहिली तुकडी आमचीच होती. जुनी अकरावीची मॅट्रिक गेलेली, त्यामुळे बारावीला काय विचारतील, बारावीनंतर कुठं जायचं, कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसातले क्लार्कही आम्हालाच विचारायचे, "काय गं, काही कळलं का?" घरोघरी मात्र निर्णय झालेले होते. मुलीला मार्क पडले तर डॉक्टर, नाही पडले तर डी.एड. दिघाशीत तर मी विज्ञान घेतलं त्याच दिवशी डॉक्टर झाले होते. सुट्टीत गेले की म्हातारी माणसं गुडघे दाखवायला यायची. एका आजीला मी सांगितलं, "आजी, मी अजून झाडाचं पान कसं जगतं तेवढंच शिकलेय." ती म्हणाली, "तं तेच सांग गो, माझी तुलस वालते."

आमच्या फिजिक्सच्या सरांची एक सवय होती. पुस्तकातलं उदाहरण कोणी जसंच्या तसं म्हणून दाखवलं की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा त्यांनी गोल गतीचं सरळ गतीत रूपांतर कसं होतं ते विचारलं. वर्गानं एका सुरात रेल्वेच्या इंजिनाचं उदाहरण दिलं. सर म्हणाले, "भिवंडीत राहता आणि इंजिन शोधायला पुस्तकात जाता? उद्या चला माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा सगळा वर्ग आत्याच्या शेजारच्या त्याच कारखान्यात नेला. त्यांनी मालकांची परवानगी काढली होती. दीड वर्ष मी जो आवाज भिंतीतून ऐकत होते, तो पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. खाली चाक गोल फिरत होतं, आणि वर सुताची कांडी पोटात घेतलेला लाकडी धोटा ताण्याच्या उभ्या दोऱ्यांमधून इकडून तिकडे सटकत होता. प्रत्येक फेरीला मागे एक बाणा, म्हणजे आडवा दोरा, टाकून जात होता. धोटा कडेला जाऊन आदळायचा, तोच तो धडधडाट. मला इतकं हसू यायला लागलं की मैत्रिणीनं चिमटा काढला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण इतके दिवस शेजारी राहणाऱ्या माणसाचं तोंड एकदम दिसावं तसं झालं होतं.

तिथे एक वयस्क जॉबर होते. बिघडलेले लूम दुरुस्त करायचं काम त्यांचं. उत्तरेतून तरुणपणी आलेले, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदीच. सर त्यांना विचारायला लागले की धोट्याला मारणारा दांडा किती जोरात बसतो, पट्टा थोडा सैल केला तर काय होईल. जॉबर हातानंच पट्टा दाबून म्हणाले, "साहब, इतना. इससे ज़्यादा हुआ तो धोटा बाहर, और किसी का माथा फूटा."

"पण इतना म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

"इतना मतलब इतना," ते म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले.

एकाला सूत्र ठाऊक होतं, दुसऱ्याच्या बोटांना माप ठाऊक होतं, आणि दोघांच्या मधली जागा रिकामी होती. मला त्या जागेत जाऊन उभं राहावंसं वाटलं. सतरा वर्षांत एवढं स्वच्छ कधी काही कळलं नव्हतं.

मग मी आत्याला घेऊन वेळ मिळेल तेव्हा तिथे जायला लागले. जॉबर मला कापडातल्या चुका ओळखायला आणि तुटलेल्या दोऱ्याची गाठ मारायला शिकवायचे. विणकराची गाठ इतकी चपटी की कापडात हाताला लागत नाही. माझ्या पहिल्या वीस गाठी बघून ते म्हणाले, "बेटी, ये तो चावल का दाना है." पुढच्या जरा बारीक झाल्या तेव्हा ज्वारी, मग तीळ. परीक्षेच्या आधी मी तिळापर्यंत पोचले होते.

परीक्षा बरी गेली. निकालही चांगला लागला. सरांनी एका कागदावर मुंबईच्या एका संस्थेचं नाव लिहून दिलं. तिथे कापड तयार करायचं तंत्र शिकवतात, मार्कांवर आणि मुलाखतीवर प्रवेश असतो, असं सांगितलं. "मुली तिथे फारशा जात नाहीत," ते म्हणाले, "पण जाऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही. मी नियम वाचलेत."

बाबा गावाहून भाताचं पोतं आणि भेंड्या घेऊन आले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लूमवर काम कराला शिकाचं कशाला? न शिकलेली मानसं करतात नं ते."

"बाबा, काम करायला नाही. ते कसं चालतं ते शिकायला."

"मंग डॉक्टरीन?"

"मला नाही व्हायचं."

बाबा रागावले नाहीत, त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला, आणि ते जास्त वाईट होतं. आत्या भेंड्या चिरायला लागली. तेवढ्यात मैत्रीण आली. तिचं स्वतःचं ठरलेलं होतं. आधी बी.ए. करायचं, मग वकिली. वकिलासारखंच ती बाबांसमोर बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही लूम बघितलाय का कधी आतून?"

"न्हाय गो."

"मग न बघता कसं काय नाही म्हणता?"

बाबांना हसू आलं. चहा झाल्यावर आम्ही चौघं पलीकडे गेलो. बाबा दारात थबकले, मग एका लूमसमोर जाऊन खाली बसले, अगदी गावी पंपाच्या इंजिनासमोर बसायचे तसे. गावात कोणाचाही पाण्याचा पंप बंद पडला की बाबांनाच बोलावणं यायचं, ते मी विसरलेच होते. त्यांनी चाकाकडे बोट दाखवलं, मग दांड्याकडे, मग धोट्याकडे, आणि मान हलवत राहिले. जॉबर शेजारी येऊन बसले. दोघांची एक भाषा नव्हती, पण लूमबद्दल दोघं अर्धा तास बोलले.

शेवटी बाबांनी विचारलं, "भाऊ, तुमाला समदा येतं. मंग ही शिकून काय करल?"

जॉबर म्हणाले, "मैं बिगड़ा हुआ बनाता हूँ. ये पढ़ेगी तो ऐसा बनाएगी जो बिगड़े ही नहीं."

बाबा उठले, हात धोतराला पुसले. "फारम कवा भराचा?" त्यांनी मला विचारलं.

मुलाखतीला बाबा आणि मी पहाटेच्या एसटीनं ठाण्याला जाऊन पुढे गेलो. खोलीत तीन जण बसले होते. पहिल्यानं माझे मार्क बघितले. दुसरा म्हणाला, "कारखान्यात उभं राहायला लागतं बरं का. आवाज फार असतो."

"सर, मी बारावीचा अभ्यास लूमच्या भिंतीला टेकून केलाय," मी म्हटलं. "मला शांततेत जमत नाही."

तिसरे वयानं मोठे होते. त्यांनी खणातून कापडाचा एक तुकडा काढून माझ्यापुढे टाकला आणि विचारलं, "यात काय चुकलंय?" मी बोट फिरवलं. आडवी एक बारीक फट लागली. "बाणा तुटला, तरी धोटा रिकामाच फिरला," मी म्हटलं, "आणि लूम वेळेवर थांबला नाही." ते कापडाकडे बघत राहिले, मग दोघांकडे बघून म्हणाले, "घ्या हिला. नाहीतर मी घरी नेऊन शिकवीन."

बाहेर बाकावर बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी आले तशी ते उठले. मी काही सांगायच्या आधीच माझं तोंड बघून त्यांना कळलं, आणि त्या लांबलचक, पॉलिश केलेल्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, माझ्या बाबांनी मोठ्यानं शीळ घातली. शेतात बैलांना घालायचे तशी. एका शिपायानं डोकं बाहेर काढून पाहिलं. बाबा त्याला म्हणाले, "पोरगी लागली आमची," आणि पिशवीतली आत्यानं दिलेली पुरणपोळी काढून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

मैत्रिणीला त्याच आठवड्यात बी.ए.ला प्रवेश मिळाला. आमच्या संस्थेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना मास्तरांनी माझं नाव वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं आणि चष्मा पुसला. वर्गात मी एकटीच मुलगी होते. मधल्या सुट्टीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. मग पुढच्या बाकावरचा एक मुलगा मागे वळून घाबरत म्हणाला, "तुम्ही भिवंडीच्या ना? धोटा म्हणजे नक्की काय असतं, ते मला जरा सांगाल का?" मी बाक त्याच्या जवळ सरकवला, आणि थोड्या वेळानं मान वर केली तर आमच्याभोवती निम्मा वर्ग उभा होता.