निंबोळीचं पाणी

महायुद्ध संपलं त्या वर्षी वैशाखात माझी पत्नी वारली.

अंथरुणाला खिळल्यावर ती आमच्या शेवगावच्या मळ्यातला आंबा तेवढा मागत होती. फळमाशीने फळात अंडी घालू नयेत म्हणून वाळवलेल्या निंबोळ्या कुटून गार पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी गाळून कैऱ्यांवर शिंपडायचं, हे काम दरवर्षी तिचं असे. त्या वर्षी मी केलं. उकळलं की अर्क जास्त उतरेल असं वाटून मी त्याचा काढाच केला.

“अहो, उकळताय की काय? माशीला ताप आलाय का?” ती आतून म्हणाली.

मी ऐकलं नाही. शेवटच्या आठवड्यात तिच्यासाठी पाटीभर आंबे चिरले. प्रत्येकात अळ्या होत्या.

आता मी निंबोळ्या गार पाण्यात भिजवतो. आंबे चांगले निघतात. घरात खाणारा मी एकटाच आहे.