कळप एकदाच बदलावा

गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं औंढ्याला सातवीपर्यंत शिकवून मग पोराला हिंगोलीला घालायचं, की पाचवीपासूनच हिंगोलीला, असं मास्तरांनी माझ्या बाला विचारलं. बा मेंढरं राखायचा. तो म्हणाला, "एकदाच हलवू. कोकराचा कळप दोनदा बदलला की ते चारा सोडतंय." मास्तर हसले. मास्तर हसले म्हणून मीही हसलो. बानं काठी उचलली आणि मेंढरांकडं निघाला.

तेव्हा सरकारी भाषा उर्दू होती, म्हणून हिंगोलीच्या वर्गात सगळं उर्दूत चाले. माझ्या घशाखाली घास उतरेना. महिन्यानं बा भाकरी घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. "जेवून राहिला ना बराबर?" त्यानं विचारलं. वर्गातली पोरं त्याच्या घोंगडीकडं बघत होती. मी म्हणालो, "जेवतो. तू इथं नको येत जाऊ."

पुढं भाकरी येत राहिली, दुसऱ्यांच्या हातून.