फोटोतला माझा हात

"हात तिथेच राहू दे. तोंड तेवढं बाजूला घे, फोटोत येतंय."

काकू मला म्हणाल्या. मी तोंड बाजूला घेतलं.

पाचवी संपून मी सहावीत जाणार होते. झाशीचा मे महिना. सकाळीच गच्ची पायाला चटके देत होती. काकूंच्या गच्चीवर मेणकापड अंथरून मी आणि आई कुरडया घालत होतो. आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. काका एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर, सरकारी कंपनी, बंगला, कूलर. माझे वडील बिजौलीत एका छोट्या युनिटमध्ये खराद, म्हणजे लेथ मशीन, चालवायचे. आम्हीही मराठी, तेही मराठी. म्हणून तर आईला त्यांनी कामाला ठेवलं होतं. पुरणपोळी आणि कुरडया झाशीत दुसरं कोण करून देणार?

त्यांची ईशा माझ्याच वर्गात. ती खाली कूलरसमोर झोपली होती. तिला उठवून वर आणलं. केस विंचरलेले, नवा फ्रॉक. शाळेने सुट्टीचा अभ्यास दिला होता ना: मम्मीला घरकामात मदत करा, फोटो काढा, चार्टवर चिकटवा, खाली माहिती लिहा.

कुरडईचा चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो. थंड झाला की संपलं. ईशाला सोऱ्या पेलेना.

"मम्मी, जल्दी करो ना, हाथ जल रहा है."

म्हणून मी खालून सोऱ्या धरला. मी दाबायची, ती हसायची, काकू मोबाइलवर फोटो काढायच्या. आदल्याच दिवशी माझ्या हातावर चीक उडाला होता. मनगटाच्या वर कातडी सोलवटून लालभडक झाली होती. काकूंनी ते पाहिलं नाही. त्या माझ्या तोंडावर लक्ष ठेवून होत्या.

फोटो झाले. ईशा खाली गेली. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत कुरडया घालत राहिलो.

मलाही तोच अभ्यास होता. काकूंच्याच शब्दावर शाळेने माझी फी माफ केली होती, याची आई रोज एकदा तरी आठवण करून द्यायची. आमच्याकडे फोटो काढायचा मोबाइल नव्हता. मी कोऱ्या कागदावर लिहिलं. गहू कसे भिजवायचे, चीक कसा निवळू द्यायचा, कसा शिजवायचा. मराठीत मनात म्हणायचं आणि हिंदीत लिहायचं. खूप मन लावून लिहिलं होतं. मला वाटलं होतं, यावेळी तरी मॅडम शाबास म्हणतील.

जुलैत शाळा उघडली. ईशाचा चार्ट फळ्याशेजारी लागला. चकचकीत फोटो, कडेला सोनेरी पट्टी. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "देखो, कितनी मेहनती बच्ची है."

मग माझा कागद हातात घेतला.

"कुरडई? ये तो ईशा ने लिखा है. उसका देखकर उतार लिया?"

"नहीं मैडम."

"फोटो कहाँ है?"

"फोटो नहीं है."

"फिर झूठ क्यों बोलना? इससे अच्छा एक दिन मम्मी का हाथ बँटा देतीं."

वर्ग खो खो हसला. मला उभं केलं. त्या वर्गात कुरडई हा शब्द दोनच मुलींना माहीत होता, आणि त्यातली चोर मी ठरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर सांगायचं कसं? माझी आई ईशाच्या घरी भाकऱ्या बडवते हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी बजावलं होतं, "शाळेत घरचं काही बोलायचं नाही हं." ईशा बुटांकडे बघत बसली होती.

मी हात पाठीमागे लपवले. आंबलेल्या गव्हाचा वास अजून हातांना येतोय असं मला वाटत होतं. महिना उलटून गेला होता, वास कुठला यायला! पण लाज वाटली. हाताची लाज, आईची लाज, घरात मराठी बोलतो त्याचीही लाज. अंग चोरून उभी राहिले. समोर तो चार्ट. बघायचं नव्हतं तरी नजर तिकडेच जात होती. आणि मग दिसलं.

फोटोच्या कोपऱ्यात सोऱ्याखाली एक हात होता. काळा, हाडकुळा, मनगटाच्या वर भाजलेला.

मी जागेवरून निघाले. मॅडम "कहाँ जा रही हो?" म्हणाल्या, मी थांबले नाही. चार्टपाशी गेले. बाही वर केली. फोटोशेजारी माझा हात ठेवला. डाग आता पांढरट झाला होता, पण होता तिथेच.

"मैडम, ये हाथ मेरा है."

कोणी हसलं नाही. मॅडमनी फोटो पाहिला, माझा हात पाहिला, ईशाकडे पाहिलं. त्यांना कळलं. मला अजून वाटतं की त्यांना कळलं होतं.

"ठीक है, बैठ जाओ. बात मत बढ़ाओ."

बस, एवढंच. चार्ट भिंतीवर तसाच राहिला.

संध्याकाळी काकूंनी आम्हाला दोघींना बोलावलं. ईशा रडून रडून लाल झाली होती.

"एवढं केलं हिच्यासाठी, आणि भर वर्गात आमचं नाक कापलं. सॉरी म्हण तिला."

आईने माझ्याकडे पाहिलं. मान खाली घातली. म्हणाली, "म्हण गं बाई."

"नाही म्हणणार."

वाटेत आईने माझ्या थोबाडीत मारली. प्रेम नगरच्या भर रस्त्यात. मग स्वतःच रडली. फीमाफी गेली, मी सरकारी शाळेत गेले. आईचं काम मात्र टिकलं, कारण कुरडयांना दुसरी बाई मिळेना. पुढच्या मे महिन्यात काकूंनी आईला मला बरोबर आणायला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "वहिनी, कुरडया मी करीन. पोरगी येणार नाही." आईला तोंड वर करून बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता मी झाशीपुढच्या मोठ गावाजवळच्या एका सरकारी शाळेत शिकवते. गेल्या मे महिन्यात हेडसरांनी सुट्टीच्या अभ्यासाचे कागद हातात ठेवले. घरकामात मदत करा, फोटो काढा, ग्रुपवर पाठवा. तेच! शब्दसुद्धा बदललेले नाहीत.

माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत काय करतात? वीटभट्टीवर आईबरोबर विटा उलटतात. मंडीत सांडलेलं धान्य झाडून गोळा करतात. धाकट्या भावाला दिवसभर कडेवर घेऊन फिरतात. यांनी मदत केल्याचा पुरावा मी मागायचा? मी कागद वाचून दाखवला तर पहिल्या रांगेतल्या मुलीने दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले. कोणी तिला काही विचारलंही नव्हतं. मी कागद वाटले नाहीत.

हेडसर वाईट नाहीत. म्हणाले, "मैडम, कुछ तो काम दीजिए. बच्चे सब भूल जाते हैं."

खरं आहे. विसरतात.

"भूलेंगे तो मैं फिर से पढ़ाऊँगी, सर. फोटो नहीं मँगवाऊँगी."

"ऊपर से नोटिस आएगा."

"आने दीजिए."

जुलैत मुलं आली, अर्धं विसरून आली. मी पहिल्या पानापासून सुरू केलं. ज्याला पुस्तक घरी न्यायचं असेल त्याने न्यावं, पण सुट्टीत कोण काय करतं याची चौकशी माझ्या वर्गात होणार नाही. सुट्टीतला अभ्यास मुलाला तपासत नाही, मुलाचं घर तपासतो. आणि घर तपासायचा अधिकार मी कोणाला देणार नाही, मला स्वतःलाही नाही.

नोटीस आली. मी सही करून ती घेतली. सही करताना बाही वर सरकली, हेडसरांची नजर डागावर गेली. मी बाही खाली ओढली नाही. पुढच्या मे महिन्यातही कागद येतील, आणि मी ते वाटणार नाही.