अंगावर घेणारा मासा

बोरीवली स्टेशनच्या पूर्वेला, भाजीवाल्यांच्या मागच्या गाळ्यात मार्तंड परबचं माशांचं दुकान होतं. खाण्याचे नव्हेत, शोभेचे. संपानंतर त्याची गिरणी उघडलीच नाही, तेव्हा बरोबरीचे कोणी गावी गेले, कोणी वडापावची गाडी लावली. मार्तंडने मेहुण्याच्या गाळ्यात काचेच्या टाक्या मांडल्या. भिंतीवर पाटी होती : ‘विकलेला मासा परत घेतला जाणार नाही.’

तरी लोक मेलेला मासा पिशवीत घालून आणायचेच. त्यांच्यासाठी मार्तंडकडे एक वाक्य तयार असे. आवाज उतरवून तो म्हणायचा, “वाईट वाटून घेऊ नका. घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यानं अंगावर घेतलं.” गिऱ्हाईक बहुधा नवा मासा घेऊन जायचं.

नवा माल काही दिवस वेगळा ठेवायचा असतो, हे मार्तंडला ठाऊक होतं. पण त्यासाठी एक टाकी अडवायची कोणी? सगळे मासे एकत्रच पोहत आणि एकाच्या अंगावरचे पांढरे ठिपके सगळ्यांवर पसरत. पाण्यात निळं औषध टाकलं की ते दिसत नसत.

दशरथ हा त्याचा गिरणीतला जोडीदार. कापसाची धूळ खाऊन छाती गेलेली, पोयसरच्या चाळीत खाटेवर पडून असायचा. त्याच्या बायकोने, मालनवहिनींनी, नवऱ्याचं मन रमावं म्हणून एक गोल्डफिश नेला आणि लोणच्याच्या बरणीत ठेवला. तो मेला. मार्तंडने त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं. त्याच संध्याकाळी दशरथचा ताप उतरला.

मग वहिनी पुन्हा आल्या. पुन्हा मासा मेला, आणि दशरथ उठून बसला. पुढच्या वेळी त्या चक्क पेढे घेऊन आल्या.

“भावजी, तुमच्या दुकानातले मासे फार गुणाचे हो. कांदिवलीच्या दुकानातला आणला होता, मेला म्हणून मरेना!”

मार्तंडने हातातला पेढा तसाच गल्ल्यावर ठेवला. त्या दिवशी त्याने वेगळ्या भांड्यात जपलेला, स्वतःसाठी ठेवलेला लालभडक मासा काढला. वर लहान टाकी दिली, हवेचा पंप दिला. नळाचं पाणी बादलीत एक दिवस शिळं करून घाला, चिमटीपेक्षा जास्त खाणं नको, सगळं नीट समजावलं. वहिनींनी मान डोलावली. आपण एक तरी गोष्ट सरळ केली, असं मार्तंडला वाटलं.

दिवाळीनंतर वहिनी आल्या त्या रिकाम्या हातांनी. डोळे खोल गेले होते.

“जगलाय.”

“मग बरं झालं की!”

“बरं कसलं? ह्यांच्या थुंकीतून रक्त पडतंय, आणि तो तिथं लाल होऊन फिरतोय. घेतच नाही अंगावर.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“मोठ्या इस्पितळात न्या म्हणतात, आजच. नेते ना. आधी मासा बदलून द्या.”

मार्तंड गल्ल्यावरून उठला. “वहिनी, ऐका. ते मासे माझ्या टाकीतल्या रोगानं मेले. त्यात ती बरणी लहान, पाणी थेट नळाचं. अंगावर घेतलं वगैरे मी धंद्यासाठी बोलायचो.”

वहिनी हसल्या. “बदलून द्यावा लागेल म्हणून बोलताय. पाटी वाचता येते मला.” कोपऱ्यातल्या टाकीत एक मासा कलंडून तळाशी पडला होता. त्यांनी बोट दाखवलं. “तो द्या. तो घेईल.”

मार्तंडने काही दिलं नाही. शटर ओढलं, रिक्षा थांबवली आणि वहिनींना घेऊन पोयसर गाठलं.

खोलीत फार शांत होतं. पंपाची पिन भिंतीवरच्या सॉकेटमधून काढलेली होती. पाणी गढूळलेलं, वर न खाल्लेल्या दाण्यांची साय धरलेली. लाल मासा पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून आ वासत होता. पलीकडे खाटेवर दशरथही तसाच.

मार्तंडने त्याच्या काखेत हात घातले. “दशरथ, चल. रिक्षा उभी आहे.”

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांची नजर नवऱ्याकडे नव्हती, टाकीकडे होती.

“थांबा भावजी,” त्या हळूच म्हणाल्या. “आधी त्याला जाऊ द्या.”