डाव्या हाताची गिटार: जालना, धावडा, वाटूर आणि परत

गिटारच्या क्लासचे सर सज्जन माणूस. त्यांनी माझी फी परत देऊ केली. म्हणाले, मॅडम, डाव्या हातानं शिकवता येत नाही, उजव्यानं सुरू करा, महिन्या-दोन महिन्यांत सवय होईल. मी जालन्यातल्या एका लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी डाव्या हातानं लोकांचं रक्त काढते आणि आजवर कुणाचा हात सुजलेला नाही. "सवय होईल" हे मात्र मी पहिलीत पाटी धरली तेव्हापासून ऐकते आहे. फी मी घेतली नाही. क्लासमधल्या गिटारीखाली ब्राऊन पेपर अंथरला, तिचा आकार उतरवून घेतला, पट्टी लावून एकेक माप त्याच कागदावर टिपलं आणि सरांना सांगितलं, माझी गिटार मी बनवून आणते. ते हसले.

दुकानात मिळत नाही का, असं तुम्ही विचाराल. मी विचारून आले. डाव्याची ऑर्डर द्यावी लागते, ती कधी येईल ते दुकानदाराला माहीत नसतं, आणि पैसे जवळजवळ दुप्पट. का दुप्पट, याला उत्तर नाही.

घाईचं कारण होतं वाटूरची आत्या. वडिलांची थोरली बहीण. तिथल्या आमच्या बुद्धविहारात पौर्णिमेला बायकांचं गायन असतं, ती पार्टी तिची. गळे एकाहून एक, ढोलकी फक्कड, पण सूर धरून ठेवायला काहीच नाही. गाणं एका पट्टीत सुरू होतं आणि तिसऱ्या कडव्याला कुठल्या कुठं जातं. येत्या पौर्णिमेला मी गिटार घेऊन बसते, असं मी तिला फोनवर सांगून टाकलं. आत्या खूश झाली, पण अट घातली की पुढं बसायचं तर उजव्या हातानं वाजवायचं, नाहीतर लोक गाणं सोडून माझा हात बघत बसतील. मी म्हटलं, बघू देत. तिनं फोन ठेवला. साठवलेली सगळी रजा मी काढली. नवरा म्हणाला, लोक रजा काढून महाबळेश्वरला जातात.

पहिला मुक्काम जालन्यातच, भंगार बाजारात. आमच्या एमआयडीसीत परगावाहून मशिनं येतात ती पाइनच्या खोक्यांतून, आणि ती खोकी फोडून इथं किलोवर विकली जातात. गिटारीच्या पोटाला, म्हणजे भोक असतं त्या पुढच्या तक्त्याला, हलकं आणि सरळ रेषांचं लाकूड लागतं. गाठ नसलेल्या फळ्या निवडायच्या, एका टोकाला धरून बोटानं टिचकी मारायची. काही फळ्या ठप्प वाजतात, काही बोलतात. बोलणाऱ्या घ्यायच्या. मी तासभर फळ्यांना टिचक्या मारत होते आणि भंगारवाला गल्ल्यावरून माझ्याकडं काळजीनं बघत होता. दांडीसाठी सागवानाची एक जुनी चौकट मिळाली. तारांच्या ताणानं दांडी वाकू नये म्हणून तिच्या पोटात लोखंडी पट्टी बसवतात, आणि लोखंडाला जालन्यात काय तोटा. ती त्यानं फुकट दिली, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

हत्यारं सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येणार आहे. एक करवत, एक पटाशी, हातात मावेल एवढा रंधा, दोन कानशी, पॉलिश पेपर, सुताराचा पांढरा गोंद आणि लोखंड कापायचं एक्सा ब्लेड. चिकटवलेलं लाकूड दाबून धरायचे शिकंजे महाग असतात, ते घेऊ नका. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूब आणा, लांब पट्ट्या कापा आणि चिकटवलेला भाग त्यांनी करकचून आवळा, तेवढंच काम होतं. तारा, खुंट्या आणि दांडीवरच्या पितळी पट्ट्यांची तार ऑनलाइन मागवली. सगळं मिळून दुकानातल्या सर्वांत स्वस्त गिटारीपेक्षाही कमी पडलं.

दुसरा मुक्काम धावडा. बोटं जिथं दाबतात ती दांडीवरची फळी टणक हवी. पुस्तकी लोक त्यासाठी परदेशी लाकडं सांगतात. मला धावड्याचे मामा आठवले. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांचा बाभळीचा वखर गोठ्यामागं पडून आहे. सकाळच्या एसटीनं राजूरमार्गे भोकरदन गाठलं, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च नावाला. भोकरदनच्या स्टँडसमोर मिरचीची भजी खा. तिखट आहेत, तक्रार करू नका, हा मिरचीचाच मुलूख आहे. पुढं धावड्याला काळीपिवळी जीप भरली की निघते, म्हणजे तुम्हाला वाटतं भरली त्यानंतर आणखी चार माणसं चढली की.

मामा अंगणात मका वाळत घालत होते. मी काय मागायला आले ते ऐकून आधी त्यांनी जेवायला बसवलं. भाकरी, ठेचा, मेथीची भाजी. मग विचारलं, गिटार इकत मिळत न्हाई का. मी म्हटलं, डाव्याची मिळत नाही, आणि नेहमीच्या टोमण्याची तयारी ठेवली. मामांनी नुसती मान हलवली.

"बराबर आहे. बैल बी डाव्या अंगाचा येगळा न् उजव्याचा येगळा असतो. जागा बदलून जुंपला तर वखर सरळ चालतच न्हाई. मंग बैलाला मारून काय उपेग?"

इतक्या वर्षांत हे मला इतक्या सरळ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे पुसले. मामांना वाटलं, ठेचा लागला. त्यांनी पाणी दिलं आणि वखराचं खोड काढून द्यायला उठले. बाभूळ जुनी, लालसर तपकिरी, करवतीला दाद देईना. आम्ही आळीपाळीनं कापत बसलो, आणि घामाघूम झाल्यावर मामा म्हणाले, हिचं गाणं व्हायचं असेल तर लईच हट्टी गाणं होईल.

परतीच्या एसटीत ते लाकूड सीटखाली मावेना. कंडक्टरनं विचारलं, ताई, हे औत घेऊन कुठं निघाल्या? मी सांगितलं, गिटार बनवायला. तो मागच्या माणसाला म्हणाला, सरका हो, गिटारीला जागा द्या.

जालन्यात एक रात्र काढून वाटूर. मंठ्याच्या रस्त्यावर वाटूर फाट्याला उतरायचं. फाट्यावर चहा बरा मिळतो आणि परतूरकडं जाणाऱ्यांची कायम गर्दी असते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या भरलेल्या. आत्यानं माझं सामान बघून म्हटलं, पाहुणी आली का सुतार आला. तरी अंगणाचा लिंबाखालचा कोपरा तिनं मला दिला.

तिथं गिटार झाली. खोक्याच्या फळ्या जोडून पोटाचा तक्ता केला आणि आतल्या बाजूनं रंधा मारून पापडीसारखा पातळ केला. बाजूच्या पट्ट्यांना पातळ प्लाय. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, चुलीत तापवलेल्या पाइपवर हळूहळू वाकवायचं, घाई केली की फाटतो. माझा पहिला फाटला. दुसराही फाटला. आत्या धपाटे थापता थापता बघत होती. तिनं सांगितलं, अजून भिजू दे, जल्दी करून राह्यलीस तू. तिसरा वाकला. दांडीवरच्या पितळी पट्ट्यांसाठी बारीक खाचा लागतात आणि एक्सा ब्लेड जाड खाच पाडतं, म्हणून ब्लेडचे दाते दोन्ही बाजूंनी दगडावर घासून पातळ केले. हे लक्षात ठेवा, महागडी करवत वाचते. खाचांच्या जागांसाठी उरलेल्या तारेच्या लांबीला दर वेळी १७.८१७ नं भागत जायचं, तेवढं पुढं खाच. गोंद वाळेपर्यंत नुसत्या दांडीवर बोटं ठेवून मोबाइलवरच्या व्हिडिओंतले चार कॉर्ड घोकत होते. आत्याची बहुतेक गाणी त्या चारांत बसतात.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तारा चढवल्या. पहिला आवाज आला तेव्हा मी रडले, हे इथं लिहून टाकते. भरदार, थोडा घोगरा, पण गिटारीचा आवाज. पार्टीच्या बायका बघायला आल्या. मी डाव्या हातानं तारा छेडल्या, उजव्या हाताची बोटं वर सरकवली, आणि सूर बिघडला. मोकळी तार बरोबर, पण दांडीवर वर जावं तसा जाड तारांचा सूर चढलेला. पुन्हा जुळवल्या, पुन्हा तेच.

कारण सापडलं तेव्हा डोक्याला हात लावला. गिटारीच्या पोटावर खाली एक लाकडी पट्टी असते, तिच्यात तारा अडकतात. त्या लाकडात एक पांढरी चीप किंचित तिरकी बसवलेली असते, कारण जाड तारांना बारीक तारांपेक्षा जरा जास्त लांबी लागते. मी तो तिरकेपणा ब्राऊन पेपरवरून जसाच्या तसा घेतला होता. पण तो कागद सरांच्या उजव्या हाताच्या गिटारीचा. डाव्याच्या गिटारीला तिरकेपणा उलटा हवा. कात्री, पेन, शाळेतला बाक, दाराची कडी, जन्मभर सगळं जग मनातल्या मनात उलटं करून वापरणारी मी, तो एक कागद उलटा करायला विसरले.

आत्याला समजावून सांगितलं. ती हुशार बाई, लगेच कळलं तिला.

"म्हंजे तारा बदलून उजव्या हातानं वाजवली तर बराबर वाजंल?"

"वाजेल."

"मंग बदल की. संध्याकाळला टाइम आहे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई."

बायका माझ्याकडं बघत होत्या. सोपं होतं, अर्ध्या तासाचं काम. पण एका दिवसाचा प्रश्न नव्हता. त्या संध्याकाळी मी उजव्या हातानं बसले असते तर ती गिटार कायमची उजव्याची झाली असती, आणि आत्यानं गावभर सांगितलं असतं की बघा, जमलं ना. मी म्हटलं, आत्या, ही गिटार चुकली आहे, मी नाही चुकले. दुरुस्त ती होईल. आणि तारा उतरवायला घेतल्या. आत्या रागानं घरात गेली. मी चीप काढली, जुन्या खाचेत बाभळीची ढलपी गोंद लावून ठोकून बसवली. गोंद पक्का व्हायला रात्र लागते, त्याला काही इलाज नाही.

संध्याकाळी विहारात मी प्रेक्षकांत बसले. वंदना झाली, गायन झालं. तिसऱ्या कडव्याला सूर गेला, आत्यानं तो ओढून आणायचा प्रयत्न केला आणि तिचा आवाज फाटला. मला फार वाईट वाटलं. मी वाजवलं असतं तर तो वाचला असता, उजव्या हातानंसुद्धा. घरी येताना आत्या माझ्यापुढं दहा पावलं चालली. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तारा उतरवीन.

सकाळी उलट्या तिरकेपणाची नवी खाच पाडली, चीप बसवली, तारा चढवल्या. वरपर्यंत बोटं सरकवत गेले. सूर जागच्या जागी. आत्या चुलीपाशी पाठमोरी ऐकत होती. हातातलं भांडं खाली ठेवून ती गेली आणि पार्टीच्या बायकांना बोलावून आली. कुणाचा कापूस वेचायचा होता, कुणाच्या पोरांची शाळेची वेळ होती. आत्या म्हणाली, कालचं गाणं राह्यलं आहे, ते होऊ द्या.

अंगणात सतरंजी टाकली. मी मध्ये बसले आणि पहिल्याच गाण्यात माझ्या गिटारीची दांडी ढोलकीवाल्या काकूंच्या कानाला लागली. उजव्या हाताच्या गिटारीची दांडी डावीकडं जाते, माझी उजवीकडं. नेहमीसारखी मी उठून मागं जायला निघाले. पंगतीत, शाळेत, लग्नाच्या फोटोत मी अशीच उठते, कोपर लागतं म्हणून.

आत्यानं मला मनगटाला धरून खाली बसवलं. डावं मनगट होतं.

"ती बसून राहील," ती बायकांना म्हणाली. "तुम्ही सरका."

आणि कित्येक वर्षं ज्याच्या त्याच्या जागी बसणारी ती सगळी रांग उठली आणि डावीकडं सरकली. ढोलकी दुसऱ्या टोकाला गेली, उजवं टोक मला मोकळं झालं. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत एका पट्टीत गेलं. कुंपणापाशी बघ्यांची गर्दी झाली होती. त्यांनी माझा हात बघितला असेल, मी बघितलं नाही, कारण मला पुढचा कॉर्ड आठवत नव्हता.

जालन्याला परत आले तेव्हा बोटांना घट्टे आणि रजा शून्य. गिटार देखणी नाही. पोटावर खोक्याच्या छापाची पुसट अक्षरं अजून दिसतात आणि तिसरी तार थोडी करकरते. क्लासला घेऊन गेले. सरांनी उलटसुलट करून बघितली, आवाज चांगला आहे म्हणाले, पण शिकवायचं कसं? मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. समोरासमोर बसलं की उजवा माणूस डाव्या माणसाला आरशासारखा दिसतो, शेजारच्या मुलांपेक्षा मलाच सोपं. सरांनी एक कॉर्ड धरला, मी धरला. मग दुसरा. त्यांनी फीचा विषय पुन्हा काढला नाही.

काल आत्याचा फोन आला. पुढच्या पौर्णिमेला पलीकडच्या गावच्या विहारात बोलावणं आहे, आणि तिथलं व्यासपीठ अरुंद आहे. सगळ्या बायका एका रांगेत मावणार नाहीत. मी म्हटलं, मग मी खाली बसते, माझीच दांडी आडवी येते.

आत्या म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, उजव्या टोकाला एक फळी जोडा, न्हाईतर आम्ही येत न्हाई."