पिठाच्या डब्यात हात घालणारे नाना

नाना आमच्या पतसंस्थेचे कर्ज अधिकारी, पण कर्ज मागणाऱ्याच्या घरी गेले की बैठकीत टेकत नसत. चपला दारात काढून, हात धुऊन थेट स्वयंपाकघरात. घरच्या बाईला म्हणायचे, "ताई, पिठाचा डबा दावा बरं." मग बाही कोपराच्या वर सारून डब्यात हात घालायचे. नशिराबादेत त्यांना साहेब कुणी म्हटलंच नाही. सगळे 'पीठवाले नाना' म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

कागद काय, माणूस हवा तसा करून आणतो, असं त्यांचं मत. महिन्याच्या शेवटी डब्यात पीठ किती उरतं, त्यावरून घराला हप्ता किती झेपेल ते त्यांना कळायचं. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे बजावायचे ते अहिराणीतच, "मानूसले नका विचारा, डबाले विचारा. डबा खोटं बोलस नही."

माझा मंडपाचा धंदा. टेम्पो आणि नवी साउंड सिस्टीम, दोन्हींसाठी मी अर्ज केला होता. नानांनी डबा चाचपला आणि फक्त टेम्पो मंजूर केला. "पोंगा भाड्यानं आणा, भाऊ," म्हणाले. साउंड सिस्टीमला ते पोंगाच म्हणत. चहाच्या टपरीवर मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चार लोकांसमोर केला, हे आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

मग लॉकडाऊन आला. लग्नं बंद, घरामागे पडलेल्या बांबूंना वाळवी लागली. मी टेम्पोवर भाजी विकू लागलो, तरी हप्ते थकले. हप्त्यांना काही महिने स्थगिती मिळाली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच नानांचा फोन. "हप्ता थांबना, भाऊ. व्याज थांबनं नही." म्हणजे हप्ता थांबला तरी व्याज चढतच होतं. टेम्पो तारण होता. तो ओढून नेला असता तर भाजीही गेली असती. रस्त्यावर कुठलीही गाडी घरासमोर हळू झाली की मी खिडकीशी जायचो.

पुढे संस्थेनं ठरवलं की, ज्यांना खरोखरच झेपत नाही त्यांचा हप्ता निम्मा करायचा, मुदत वाढवायची, दंडव्याज सोडायचं. शिफारस नानांची. ते येणार त्या दिवशी मी सकाळपासून दारात उभा. आत माझ्या बायकोनं, मंगलानं, काय करून ठेवलंय याचा मला पत्ताच नव्हता.

नानांनी झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला! रिकामा डबा दाखवायची लाज वाटली म्हणून तिनं शेजारच्या जावेकडून पीठ उसनं आणलं होतं. भरल्या डब्याला सवलत कोण देणार? बोलावं तर बायकोची अब्रू जाते, न बोलावं तर टेम्पो.

नानांचा हात मनगटापर्यंत गेला आणि अडला. पिठाखाली पातेलं पालथं घातलेलं होतं. त्यांनी हात सावकाश बाहेर काढला, झटकला, झाकण लावलं. मंगला तोंडाला पदर लावून उभी.

"लाज कसानी, ताई? आते बठ्ठा गावनी हीच गत शे," ते म्हणाले. साऱ्या गावाचीच तेव्हा ती गत होती. जाता जाता तिला एवढंच सांगितलं की उसनं पीठ आजच परत करा, घरात एक देणं पुरे. अर्जावर माझ्यासमोरच त्यांनी लिहिलं, 'डबा रिकामा'.

हप्ता निम्मा झाला, टेम्पो राहिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नाना धुळ्याच्या दवाखान्यात वारले. आम्हाला शेवटचं पाहताही आलं नाही. टपरीवर जे बोललो त्याची माफी मागायची राहूनच गेली.

मागच्या महिन्यात एका फायनान्स कंपनीचा माणूस आला. साउंड सिस्टीमला लगेच कर्ज, फक्त सही करा, म्हणाला. सोफ्यावर बसला, चहा प्यायला, स्वयंपाकघराकडे त्यानं पाहिलंही नाही. खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं होतं. मंगला आतून डबा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं.

मी बाही वर सारली आणि हात घातला. बोटं लगेच तळाला टेकली. पिठाच्याच हातानं मी त्याचं पेन त्याला परत दिलं.