पान नऊवरची जमीन

महाप्याच्या नामा मढवीच्या घरात कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. त्याच घरातला भगवान बी.कॉम. झाला आणि मुंबईच्या एका मॅनेजमेंट संस्थेत शिकायला लागला, तेव्हा गावाने त्याच्याकडे कौतुकाने कमी आणि संशयाने जास्त पाहिलं. पोरगा हुशार होता, पण तोंडाचा कडू. शाळेत मास्तरांनी हजेरीपटावर त्याचं आडनाव 'मडवी' असं लिहिलं, तर दुरुस्त होईपर्यंत त्याने 'हजर' म्हटलं नव्हतं. सहा महिने तो रोज शाळेत जाऊनही कागदोपत्री गैरहजर होता.

जमीन गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला मढव्यांची खारजमीन होती. नव्या शहरासाठी ती सरकारने घेतली. नामाने कागदावर अंगठा उठवला, मोबदल्यात घरावर पत्रे आले, थोरलीचं लग्न झालं आणि नामा एका रंगाच्या कारखान्याच्या गेटवर रखवालदार म्हणून उभा राहिला. खाडीचं पाणी शेतात कधी येऊ द्यायचं हे स्वतः ठरवत तो वाढला होता, ते सोडून तो ट्रकचे नंबर लिहून घेणाऱ्या साहेबाला सलाम करायला लागला. भगवानने हे सगळं पाहिलं आणि त्यावर घरात कधी चकार शब्द काढला नाही.

१९८५च्या जानेवारीत संस्थेने दोन विद्यार्थी एका सत्रासाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात पाठवले. तिकडचे दोघे इकडे येणार, इकडचे दोघे तिकडे जाणार, असा करार होता. परीक्षेत पहिला आला होता सुधीर केळकर, वाशीचा. त्याचे वडील फोर्टातल्या बँकेत होते आणि आई सरोजिनीबाई शाळेत शिक्षिका. दुसरा आला भगवान मढवी. दोघांच्या घरांत फार तर सात-आठ किलोमीटरचं अंतर असेल, पण वर्षभर एका वर्गात बसूनही ते एकमेकांशी बोलले नव्हते.

तिकडे वसतिगृहात त्यांना एकच खोली मिळाली. वॉर्डनला वाटलं, एका गावचे आहेत, सोबत होईल.

पहिल्याच आठवड्यात सुधीरने खोलीच्या मधोमध दोरी बांधली आणि तिच्यावर चादर टाकली. "तू सकाळी पाच वाजता उठून खाकरतोस. माझी झोपमोड होते," तो म्हणाला.

"चादरीनं आवाज थांबतो काय?" भगवान म्हणाला.

"निदान तू दिसत तरी नाहीस."

वर्गात सुधीरला आणखी एक सवय लागली. भगवानने इंग्रजीत काही म्हटलं, की तो गोऱ्या मुलांकडे वळून हसत म्हणायचा, "भगवानला असं म्हणायचंय की..." आणि तेच वाक्य सफाईदार करून सांगायचा. भगवानचं इंग्रजी जाडंभरडं होतं, पण समजत नव्हतं असं नाही. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा भगवानने वर्गात बोलणंच बंद केलं. सुधीरवरचा सूड म्हणून तो इतरही बारीकसारीक गोष्टी करायचा. वर्गाची वेळ बदलल्याचा निरोप आला तर सांगायचा नाही. सुधीरची आंघोळीची बादली मुद्दाम उचलून दुसऱ्या मजल्यावर ठेवायचा. पंचवीस वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही हे त्याला कळत होतं, तरी तो ते करत होता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दोघे बाजारातून परत येत होते. बरोबर असे ते नव्हते. रस्ता एकच होता, म्हणून दहा पावलांचं अंतर ठेवून चालले होते. पुलाजवळ चार-पाच पोरांनी त्यांना घेरलं, शिव्या घातल्या, तुमच्या देशात परत जा म्हणाले. एकाने बियरचा डबा फेकला, तो भगवानच्या कपाळाला लागला. दोघेही धावत सुटले. वसतिगृहाच्या दारात पोहोचल्यावर सुधीर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. भगवानच्या भुवईवरून रक्त येत होतं. त्याला क्षणभर वाटलं, आता हा खिशातून रुमाल काढेल.

सुधीर म्हणाला, "तुझ्याबरोबर असलो की हे असं होतं. अवतार बघ तुझा. मी एकटा जातो तेव्हा मला कुणी हटकत नाही."

भगवानने नळाखाली कपाळ धुतलं. त्या दिवसापासून त्याने सुधीरशी बोलणं सोडलं.

आणि नेमकं त्याच वेळी प्राध्यापक हार्डिंग यांनी सत्राचा मोठा अहवाल नेमून दिला. विषय होता, आपल्या देशातल्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाचं नियोजन. अहवाल दोघादोघांनी मिळून करायचा. शेवटच्या पानावर 'हे आम्हा दोघांचं काम आहे आणि यातलं सगळं आम्हाला मान्य आहे' या वाक्याखाली दोघांच्या सह्या हव्यात. एक सही कमी असेल तर अहवाल घेतला जाणार नाही आणि सत्र बुडेल. दोन भारतीयांची जोडी अर्थातच आपोआप ठरली.

सुधीरने विषय निवडला: नवी मुंबई. भगवानला विचारलं नाही. भगवाननेही काही म्हटलं नाही. सुधीर ग्रंथालयात बसून लिहीत राहिला, घरून मागवलेल्या पुस्तिका आणि नकाशे पसरत राहिला, आणि भगवान चादरीच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून दुसऱ्या विषयांचा अभ्यास करत राहिला. दोन महिने असे गेले.

मेच्या सुरुवातीला, अहवाल द्यायच्या आदल्या दुपारी सुधीरने टाइप केलेला गठ्ठा त्याच्या टेबलावर टाकला. "शेवटच्या पानावर सही कर. तुझा एक शब्दही नाही यात, पण मार्क तुलाही मिळतील. उपकार समज."

भगवानने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सुधीरने चांगलं लिहिलं होतं, हे मान्य करावं लागत होतं. आकडे नीट होते, तक्ते नीट होते. पान नऊवर नकाशा होता. खाडीकाठचा पट्टा तिरक्या रेघांनी भरला होता आणि खाली लिहिलं होतं की, ही 'अनप्रॉडक्टिव्ह मार्शलँड', म्हणजे काहीही न पिकणारी दलदल, प्रकल्पाने वापरात आणली. तिथल्या लोकांचं पुनर्वसन समाधानकारक झालं.

त्या तिरक्या रेघांत भगवानने आपल्या शेताची जागा अंदाजाने बोटाने शोधली. बोटाच्या पेराएवढीही नव्हती. त्या जमिनीत लाल भात व्हायचा. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून आजोबांनी आणि भावकीने हाताने बांध घातला होता. बांधाला लाकडी झडप होती, भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची. रात्रीबेरात्री ती उघडझाप करायला नामा जायचा. मळणीच्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसायची.

"खोटं आहे हे," तो म्हणाला. दोन महिन्यांत सुधीरला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता.

"काय खोटं आहे?"

"तुला नाय कळायचं."

"अरे, मग सांग ना काय खोटं आहे! सरकारी पुस्तिकेतून घेतलंय मी. संदर्भ दिलाय खाली."

"मी सही नाय करणार."

सुधीरला आधी हसू आलं, मग तो गोरामोरा झाला. "सत्र बुडेल. तुझंही बुडेल. कळतंय का तुला, मॅड माणसा?"

"कळतंय."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक हार्डिंग यांनी दोघांना बोलावलं. त्यांनी भगवानला कारण विचारलं. भगवानच्या डोक्यात सगळं होतं, बांध, झडप, बापाचा अंगठा, पण इंग्रजीत एकही वाक्य उभं राहीना. आणि शेजारी सुधीर बसला होता, वाक्य सफाईदार करून सांगायला तयार. "आय डू नॉट अॅग्री," एवढंच भगवान म्हणाला. पुन्हा विचारलं तेव्हाही तेच म्हणाला. प्राध्यापकांनी खांदे उडवले आणि दोघांच्या नावापुढे नापासाचा शेरा मारला.

परतीच्या विमानात दोघांनी शेजारच्या जागा बदलून लांबलांबच्या घेतल्या.

घरी नामाला हे कळलं तेव्हा तो कामावरून नुकताच आला होता, अंगात खाकी शर्ट तसाच होता. भगवानला वाटत होतं, निदान बापाला तरी कळेल. बापाच्याच जमिनीसाठी तर केलं होतं.

"एक सही नाय केलीस?" नामा म्हणाला. "मी अंगठा दिला म्हनून तू शिकलास. मना काय बरा वाटला व्हता देताना? पोरांचा कायतरी होईल म्हनून दिला. आनि तू त्या कागदाला तोंड फिरवून आलास! कोनासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माझेसाठी करायचा तं पास होऊन यायचा."

नामा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. गावातली पोरं त्याला 'लंडन रिटर्न' म्हणून हाक मारू लागली, आणि त्या हाकेतला 'रिटर्न' जरा जास्तच लांबवत.

जूनमध्ये एके दुपारी सरोजिनीबाई केळकर पत्ता विचारत महाप्याला आल्या. हातात फाइल होती. भगवानची आई गोजरा ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने पाट दिला, पाणी दिलं. बाईंनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला, तो तसाच राहिला. गोजराने ते पाहून ठेवलं.

"तुमच्या मुलाने माझ्या मुलाचं वर्ष फुकट घालवलं," बाई म्हणाल्या. "त्याला बँकेत नोकरी लागत होती. ती गेली. ह्यांना ब्लडप्रेशर सुरू झालंय. काय मिळालं तुमच्या मुलाला?"

"त्यालाच इचारा, बाय. मना इचारून नाय केला त्यानं."

"संस्कार नावाची काही गोष्ट असते."

गोजराने सूप खाली ठेवलं. "ती तुमचे घरान हाय ना? मंग वर्षभर एके वर्गान बसून तुमचे पोरानं माझे पोराला कवा हाक का नाय मारली?"

आवाज ऐकून भगवान बाहेर आला. बाईंनी फाइल उघडली आणि एकदम कामाचं बोलल्या. विद्यापीठाला पत्र लिहिलं होतं. सगळं काम सुधीरने एकट्याने केलं, भगवानचा त्यात काहीही वाटा नव्हता, असं भगवानने लेखी दिलं तर सुधीरचा अहवाल एकट्याचा म्हणून तपासायला ते तयार होते. भगवानचं तिकडचं सत्र मात्र मग कायमचं गेलं असतं. आत्ता निदान पुन्हा संधी द्या असा अर्ज करता येत होता.

गोजरा म्हणाली, "नको लिवू."

भगवान म्हणाला, "लिहितो. पण सुधीरने इथे यायचं. पान नऊवरची जागा बघायची. मग देतो."

सुधीर रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट, चेहरा आंबट. भगवान त्याला रस्ता ओलांडून खाडीच्या बाजूला घेऊन गेला. मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं होतं. मोठाले सिमेंटचे पाइप पडले होते, काटेरी झुडपं माजली होती. बांधाचा एक तुकडा तेवढा उरला होता, तोही माहीत असलेल्यालाच ओळखू येईल असा.

"काय बघायचं?" सुधीर म्हणाला. "मला पाइप दिसतायत."

मग भगवानने सांगितलं. कुठे झडप होती, पाणी कुठून आत यायचं, भाताचं बी कुठे फेकायचे, किती खंडी व्हायचं. पाच महिन्यांत बोलला नव्हता इतकं त्या पंधरा मिनिटांत बोलला. सुधीरने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्याने बांधाच्या तुकड्यावर बूट आपटून पाहिला.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"हे मला तू तिथे का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं, काय खोटं आहे. दोनदा विचारलं. तू म्हणालास, तुला नाही कळायचं. एक ओळ होती, भगवान. मी ती खोडून पुन्हा टाइप केली असती. तासाभराचं काम होतं."

भगवान उत्तर शोधू लागला. तुझी चादर, तुझं ते 'भगवानला असं म्हणायचंय', पुलाजवळचं तुझं बोलणं, असं सगळं त्याच्या ओठांवर आलं. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे त्याला कळलं आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

"खोडली असतीस?" तो म्हणाला.

"आता काय सांगू? कदाचित नसतीही." सुधीरने हात पुढे केला. "पत्र."

भगवानने शब्द दिला होता. खिशातून पत्र काढून दिलं. सुधीरने ते तिथेच उभ्याने दोनदा वाचलं, स्पेलिंगची एक चूक दाखवली, आणि पेन काढून ती स्वतःच दुरुस्त केली. मग निघून गेला. आभार मानले नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये सुधीर पास झाला आणि पुण्याला एका कंपनीत लागला. भगवानला मुंबईच्या संस्थेत पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर सत्र पुन्हा करावं लागलं, सकाळी वर्ग आणि दुपारी औद्योगिक वसाहतीतल्या एका रबराच्या कारखान्यात हजेरी लिहायचं काम. १९८६ साली तो एकदाचा पास झाला. त्याच कारखान्यात खरेदी विभागात चिकटला, आणि चार-पाच वर्षांत विभागाचा प्रमुख झाला. माल विकायला येणारे लोक त्याला वचकून असत. त्याचं इंग्रजी जाडंभरडंच राहिलं.

सही न केल्याचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. तशीच वेळ पुन्हा आली असती तरी त्याने सही केली नसती. त्याला सलत होती ती दुसरी गोष्ट. सुधीर केळकरसारख्या माणसाने त्याला एक सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याच्याकडे उत्तर असून त्याने ते दिलं नव्हतं. आठवण आली की त्याची कानशिलं तापायची.

मग त्याने बोलायला सुरुवात केली, आणि ती त्याच्या पद्धतीनेच. गावकीच्या बैठकीत कुणी मोघम बोललं की तो मध्येच उठून म्हणे, "काय पाहिजे ते नीट सांग, नायतर खाली बस." गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या भूखंडांच्या अर्जांचे मसुदे तो फाडून टाकी आणि पुन्हा लिहायला लावी. लग्नाच्या पंगतीतही त्याचे वाद होत. बायको अरुणा ताट सोडून त्याचा शर्ट ओढत राही. एकदा तर त्याने सरपंचालाच सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं, आणि मढव्यांच्या घरी महिनाभर कुणी पाऊल टाकलं नाही.

शेजारची जाईबाई तेव्हा गोजराला म्हणाली, "तुझा लेक गावान कोनालाच आपला ठेवायचा नाय."

गोजरा तांदळातला खडा वेचून अंगणात फेकत म्हणाली, "कवरा वाईट बोलतो, मना ठावं हाय. पन आता बोलतो तरी."